हद्दीपर्यंतचं भाडं

१

गॉटहिल्फ श्नाइटची गाडी एका मिनिटाच्या मौनाशिवाय कधी सुरू झाली नाही. त्रेसष्ट सालची, काळी, मागे पत्र्याच्या दोन उभ्या शेपट्या असलेली, डिझेलची. जुन्या डिझेलला आधी तापू द्यावं लागतं. दांडी अर्धी ओढायची. समोरच्या फळीवर मिठाच्या डबीसारखी भोकं पाडलेलं एक टोपण आहे, त्याच्यातली तार लाल होईपर्यंत गप बसायचं. मग दांडी पुरती ओढायची. टॅक्सीवाल्यांनी त्या बसण्याला डिझेलसाहेबाला श्रद्धांजली असं नाव ठेवलं होतं. ज्यानं हे इंजिन काढलं तो एका बोटीवरून नाहीसा झाला, त्याच्या नावानं एक मिनिट. भाडं घाईत असलं की गॉटहिल्फ म्हणायचा, मेलेल्या माणसाला एक मिनिट देता येत नसेल तर उतरा आणि चालत जा.

हल्लीच्या गाड्या बटण दाबलं की सुरू होतात. सुरू झाल्यात हेही कळत नाही. असल्या गाडीला गाडी म्हणणारा माणूस फ्रिजलाही म्हणेल.

चौसष्ट साली त्यानं ही गाडी टॅक्सी म्हणून रस्त्यावर आणली. तेव्हा टॅक्स्या काळ्याच असायच्या. एकाहत्तरात सरकारचं फर्मान निघालं, सगळ्या हस्तिदंती रंगाच्या करा. त्यानं केली, तीन दिवस कुणाशी बोलला नाही. तिच्यानंतर तीन टॅक्स्या आल्या आणि भंगारात गेल्या. हिला मात्र त्यानं शेडमध्ये ठेवलं, आणि परवाना परत केला त्या वर्षी स्वतःच्या हातानं खरवडून पुन्हा काळी केली. टपावरची टॅक्सीची पिवळी पाटी त्यानं काढली नाही. पोलीस म्हणाला, काढा, तुम्ही आता टॅक्सीवाले नाही. तो म्हणाला, काढली तर भोकातून पाणी गळेल, ते तुझ्या डोक्यावर गळणार नाही. शेवटी पाटी झाकायची असं ठरलं. त्याची बायको बुर्गा हिनं पाटीसाठी काळ्या लोकरीची टोपी विणली.

आता बुर्गा नऊ किलोमीटरवर, पठाराच्या खालच्या अंगाला हायनश्टेटनच्या वृद्धाश्रमात होती. तिला झटका येऊन गेला होता, उजवी बाजू लुळी. गॉटहिल्फ रोज सकाळी दहाला तिथं पोचायचा. हातात एक ब्रेत्सेल, हाताची घडी घातल्यासारखा वळलेला खारा पाव, लोणी लावलेला. पोटाचा मऊ भाग तिला, कडक हात त्याला. दुसऱ्या कुणाच्या हातून ती फारसं खात नव्हती.

नोव्हेंबरातल्या एका शनिवारी त्यानं गाडीला आंघोळ घातली, सगळी गल्ली घालते तशी, आणि टोपीही धुतली. रविवारी टोपी ओलीच होती. तो तसाच निघाला. उघड्या पाटीनं. नऊ किलोमीटर तर जायचं, कोण बघतंय.

त्यानं दांडी अर्धी ओढली आणि गप बसला. तेव्हा मागच्या सीटवर कुणीतरी बसलं.

२

दार उघडलं नव्हतं. हे आधी सांगितलेलं बरं, कारण नंतर शेजारच्या एऑयगननं तेच तीनदा विचारलं.

त्या गाडीची सीट म्हणजे लोखंडी स्प्रिंगा, वर काथ्या, त्यावर घोड्याचे केस. अडतीस वर्षं मागे न बघता गॉटहिल्फला कळायचं की कोण बसलं, किती वजनाचं, डावीकडे की उजवीकडे, प्यायलेलं की रडून आलेलं. बसणाऱ्याचा आवाज एका जागी होतो. हा आवाज डाव्या दाराशी निघाला आणि एकेक स्प्रिंग दाबत उजव्या दारापर्यंत गेला. कुणी आडवं व्हावं तसा. पण आडव्या होणाऱ्याचा आवाज तिथं संपतो. हा उजव्या दाराशी पोचला, वळला आणि परत आला. लांब काहीतरी घडी घालून ठेवावं तसा.

त्यानं आरशात बघितलं. सीट रिकामी. फक्त मागच्या काचेत रोजच्यापेक्षा आकाश कमी आणि जमीन जास्त दिसत होती. म्हणजे गाडीचं बूड खाली गेलेलं.

तार लाल झाली. त्यानं दांडी ओढली, कारण दुसरं काय करायचं असतं. वृद्धाश्रमाच्या फाटकाशी गाडी थांबली तेव्हा स्प्रिंगा उठल्या, त्याच क्रमानं, उलट्या. आरशात आकाश पुन्हा नीट दिसायला लागलं.

संध्याकाळी त्यानं एऑयगन ब्युर्क्लेला बोलावलं. एऑयगन शेजारी, जन्मभर गादीकाम केलेला. हीच सीट त्यानं एक्याऐंशीत नव्यानं भरली होती. त्यानं सीट काढून उलटी केली, खालचं कापड उसवलं, हात कोपरापर्यंत घातला. उंदीर नाही, गंज नाही, तुटलेली स्प्रिंग नाही. मग तो स्वतः बसला, उठला, बसला. मग दोघांनी बटाट्याचं पोतं ठेवून बघितलं. पोत्याचा आवाज पोत्यासारखा आला.

“वंगण सीटला नको,” एऑयगन म्हणाला, “तुझ्या कानाला घाल. एक कान बहिरा झालाय आणि दुसरा एकटा पडल्यामुळे कुणाशी तरी बोलतोय.”

गॉटहिल्फला ते पटलं. म्हणजे पटवून घेतलं. टोपी सुकली होती, ती त्यानं पाटीवर घट्ट ओढली आणि नाडी दोनदा बांधली.

३

वृद्धाश्रमाच्या तळमजल्यावर डाव्या हाताला सहा दारं. बुर्गाचं सहावं, शेवटचं, खिडकीकडचं. कुणी गेलं की त्याच्या दाराबाहेर छोट्या टेबलावर फोटो आणि मेणबत्ती ठेवायची तिथली रीत. मेणबत्तीसुद्धा बॅटरीची, आगीचे नियम म्हणून. माणूस मेल्यावर त्याच्यापुढे खेळण्यातली ज्योत. पण ते असो.

त्या सोमवारी मेणबत्ती पहिल्या दाराशी होती. तिथला पोस्टमास्तर रविवारी दुपारी गेला.

गुरुवारी मौनाच्या मिनिटात स्प्रिंगा पुन्हा वाजल्या. टोपी पाटीवर होती, नाडी दुहेरी गाठीची. शुक्रवारी मेणबत्ती दुसऱ्या दाराशी. पुढच्या मंगळवारी स्प्रिंगा, बुधवारी तिसरं दार.

कावळा बसायला आणि फांदी मोडायला गाठ पडते, हे गॉटहिल्फ आयुष्यभर लोकांना सांगत आला होता. तरी त्यानं सिस्टर मिर्यानाला गाठलं. ती क्रोएशियाची, मजबूत हाडाची, पेशंटपेक्षा नातेवाइकांना जास्त दटावणारी.

“नोव्हेंबर असाच असतो, हेर श्नाइट,” ती म्हणाली. “पानं गळायला लागली की माणसंही रांग लावतात.”

“दारांच्या नंबरानं?”

तिनं त्याच्याकडे जरा जास्त वेळ बघितलं आणि म्हणाली की तुमचा कोट ओला आहे, तो आत आणू नका.

दुसऱ्या दिवशी तो बसनं गेला. सोळा वर्षांत पहिल्यांदा. बसची सीट प्लास्टिकची, वर बोटभर फोम. त्यानं कान टवकारले. शेजारी एक बाई बसली, उठली, काहीच वाजलं नाही. पुढे एक लठ्ठ माणूस बसला, काहीच वाजलं नाही. मग शेजारची जागा हायनश्टेटनपर्यंत रिकामी राहिली. गॉटहिल्फ तिच्याकडे बघत राहिला आणि त्याच्या लक्षात आलं की रिकामी आहे हे आपल्याला कळायचा काही मार्गच नाही.

रात्री त्यानं डोक्यावरचं पांघरूण काढलं नाही. सकाळी मेणबत्ती चौथ्या दाराशी होती.

४

मग तो दोन दिवस घरीच बसला. पाचवं दार शांत राहिलं. पण मिर्यानाचा फोन आला. बुर्गा तोंड उघडत नाही, चमचा पुढे केला की मान भिंतीकडे फिरवते, पाणीही नळीनं द्यावं लागलं. असं आठवडाभर चाललं तर डॉक्टर काय म्हणतील ते तुम्हाला सांगायला नको, असं ती म्हणाली, आणि सांगितलंच.

तिसऱ्या दिवशी पाऊस होता. शेडच्या पत्र्यावर असा ताशा वाजत होता की स्वतःचं खोकणं ऐकू येईना. गॉटहिल्फनं एक मिनिट धरलं, दुसरं धरलं, पाचवं धरलं. सीटचा आवाज आला नाही. आरशात आकाश की जमीन, हे त्या पावसात कळण्यासारखं नव्हतं. नसेल, असं स्वतःला सांगून तो निघाला. आणि फाटकाशी इंजिन बंद केल्यावर, खाली पाऊस नव्हता तिथं, त्याला स्प्रिंगा उठताना ऐकू आल्या.

ते आधीपासून बसलेलं होतं. त्यानं आणलं होतं, दाराशी सोडलं होतं.

तो धावला. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा माणूस धावतो तसा. पाचव्या दारातली म्हातारी फ्राउ क्नोडलर खिडकीशी बसून लोकर गुंडाळत होती, तिनं त्याला हात केला. त्यानंही केला. आणखी काय करणार.

बुर्गानं ब्रेत्सेलचं पोट सगळं खाल्लं. मग डाव्या हातानं त्याची बाही धरली. शब्द तिला शोधून आणावे लागत, म्हणून ती मोजकेच आणायची.

“म्हाताऱ्या. रोज कुणाला घेऊन येतोस?”

“कुणालाच नाही.”

“खोटं बोललास की तुझा कान लाल होतो.” ती दम घ्यायला थांबली. तिची नजर दारावर होती, दाराच्या वरच्या चौकटीवर, जिथं माणसाचं डोकं पोचत नाही. “पॅसेजमध्ये वाकून उभं असतं. त्याला सांग, मला घाई नाही.”

गॉटहिल्फनं वळून बघितलं नाही. तिच्या हनुवटीवरचं लोणी पुसलं. चाळीस वर्षांपूर्वी तिनं असंच सांगितलं होतं की तुझ्या आईला सांग, मी चर्चला येणार नाही. आणि ते त्यालाच जाऊन सांगावं लागलं होतं.

दुसऱ्या दिवशी मेणबत्ती पाचव्या दाराशी. फ्राउ क्नोडलरच्या फोटोत ती तरुण होती आणि एका छोट्या गोल गाडीच्या बॉनेटवर बसली होती.

५

त्या रात्री गॉटहिल्फ शाळेच्या बाकावर बसावं तसा स्वयंपाकघरात बसला. शाळा त्याची आठवीत सुटली. आयुष्यात एकच परीक्षा तो पास झाला, टॅक्सीच्या परवान्याची, आणि तिच्यातला एकच नियम त्याला शब्दशः पाठ होता, कारण त्याचा त्याला सगळ्यात जास्त राग होता. जिल्ह्याच्या हद्दीत जो मागेल त्याला नेणं चालकाला सक्तीचं आहे. दारुड्याला, शिव्या देणाऱ्याला, घामटाला, सगळ्यांना. नाही म्हणता येत नाही. हद्दीपलीकडे मात्र सक्ती नाही. तिथं चालकाची मर्जी.

पाटी उघडी होती आणि ते बसलं. भाडं बसलं की बसलं. नंतर टोपी घालून काय उपयोग. आपण ते नेत राहिलो, कारण नेणं हे हाडात मुरलेलं. पण त्याला कुठं न्यायचं हे आजवर कुणी बोललेलंच नव्हतं. आपण आपल्या वाटेनं गेलो, म्हणून त्याचीही तीच वाट झाली.

सकाळी ऊन होतं, गवतावर पांढरं दहिवर. त्यानं डिझेल गळ्यापर्यंत भरून घेतलं, ब्रेत्सेल घेतला, परत शेडमध्ये येऊन गाडी बंद केली आणि पहिल्यापासून सुरुवात केली. दांडी अर्धी. तार काळी, तपकिरी, लाल.

स्प्रिंगा डावीकडून उजवीकडे गेल्या. वळल्या. परत आल्या.

“ग्र्युस गॉट,” गॉटहिल्फ म्हणाला. त्या भागात गिऱ्हाइकाला असंच म्हणतात. मग त्यानं उतरून टोपी काढली, खिशात घातली आणि उघड्या पाटीनं निघाला.

वृद्धाश्रमाचं फाटक दिसायला लागलं तसा मागे आवाज झाला. उतरायची तयारी. पहिली स्प्रिंग, दुसरी. गॉटहिल्फनं पाय दाबला. या गाडीचा काटा गोल फिरत नाही. उभी पट्टी असते, ताप मोजायच्या नळीसारखी, आधी पिवळी, मग पट्ट्यापट्ट्याची, मग लाल. फाटकासमोर ती पट्ट्यापट्ट्याची होती. फाटक मागे गेलं.

सगळ्या स्प्रिंगा एकदम बसल्या. मागचा बंपर रस्त्याला घासला आणि ठिणग्या उडाल्या असाव्यात, कारण समोरून आलेल्या ट्रॅक्टरवाल्यानं हातवारे केले. गॉटहिल्फनं त्यालाही हात केला, सभ्य नव्हे असा. मागच्या काचा आतून धुरकटायला लागल्या. पुढच्या स्वच्छ होत्या. त्याचं मन त्याला अजूनही सांगत होतं की डिकीचं रबर गेलं असेल, ओल आत येत असेल. सांगू दे. मनाला पगार थोडाच द्यायचाय.

चौदा किलोमीटर. पट्टी लाल. तो सगळा वेळ बोलत होता. ही गाडी कशी, हिच्यात किती पोरं जन्मता जन्मता राहिली, हिला हस्तिदंती रंग लावला तेव्हा ती कशी बर्फीसारखी दिसत होती. भाड्याशी बोलावं लागतं. गप बसलेलं भाडं चालकाच्या डोक्यात जातं.

जिल्ह्याची पाटी आली. तिच्या पुढे वीस पावलांवर त्यानं गाडी कडेला घेतली, उतरला, आणि मागचं दार स्वतः उघडून धरलं, पूर्वी बायाबापड्यांसाठी धरायचा तसं.

“इथं माझा जिल्हा संपला,” तो म्हणाला. “इथून पुढे तुला न्यायची सक्ती मला नाही. उतर.”

आत काही हललं नाही. दारातून गारवा येत होता, तळघराचा.

“बायकोचा निरोप आहे. तिला घाई नाही. मला तर मुळीच नाही. उतर म्हणतो ना.”

बराच वेळ गेला. मग एक स्प्रिंग उठली. मग पुढची. गाडीचं बूड बोट बोट वर येत गेलं, चार बोटं, सहा बोटं, इतकं की ती चाकांवर टाच उचलून उभी राहिल्यासारखी दिसली. गॉटहिल्फनं नजर खाली ठेवली होती. कडेच्या दहिवरलेल्या गवतावर एक दाबलेली जागा उमटली, पावलापेक्षा लांब. आणि ती लांब होत गेली.

त्यानं दार लावलं. त्या दाराचा आवाज जगात भारी आहे, जाड आणि बंद. तो बसला आणि गाडी गावाकडे वळवून निघाला.

६

दीडशे पावलं गेला असेल. आरशात आकाश पूर्ण होतं. त्याला हसू आलं, बुर्गाला काय सांगायचं ते तो मनात जुळवत होता.

तेवढ्यात समोरून वृद्धाश्रमाची धुलाईची पांढरी व्हॅन गेली, चादरी टाकून रिकामी निघालेली. तिचा ड्रायव्हर शिट्टी वाजवत होता. गॉटहिल्फनं आरशात बघितलं.

हद्दीच्या पाटीशी व्हॅन हळू झाली होती. तिचा दिवा उघडमीट करत होता. पाटीच्या बाजूला काहीतरी वर उचललेलं होतं, टॅक्सीला हात करतात तसं. पाटीच्या वर. त्या मागच्या झाडाच्या अर्ध्यापर्यंत. आणि ते कोपरात दोनदा वाकलेलं होतं.

व्हॅन थांबली, आणि वळायला लागली. ड्रायव्हरला काही आठवल्यासारखं. परत गावाकडे.

त्या व्हॅनमध्ये स्प्रिंगा नसतील. नुसता फोम आणि प्लास्टिक. फाटकाशी काय उतरलं ते कुणाला कळणारसुद्धा नाही.

गॉटहिल्फनं गाडी उलटी टाकली. मागे वळून, हात सीटवर टाकून, दोन शेपट्यांच्या मधोमध नेम धरून. कारखाना म्हणायचा की या शेपट्या शोभेच्या नाहीत, मागचा अंदाज घ्यायच्या आहेत. सगळा जर्मनी त्यावर हसला होता. दीडशे पावलं तो उलटा गेला, सरळ रेषेत, भोंगा दाबून, आणि व्हॅनच्या नाकाला लागेल इतकी जवळ गाडी आडवी घातली.

“आजोबा, परवाना सिगारेटच्या पाकिटातून मिळाला का?” ड्रायव्हरनं काच खाली करून विचारलं.

“तू का थांबलास?”

ड्रायव्हर गोंधळला. म्हणाला, माहीत नाही, वाटलं काहीतरी विसरलं. आणि त्यानं मान खाजवली आणि स्वतःच्या मागच्या दाराकडे बघितलं, जे तो उघडायला निघाला होता.

“काही विसरलं नाहीस. हे भाडं माझं आहे.” गॉटहिल्फनं त्याच्या हातात कागदाची पुडी दिली. “आश्रमात जाणारच असशील तर सिस्टर मिर्यानाला दे. सहावं दार. पोटाचा भाग बारीक करायचा, चमच्यानं नव्हे, हातानं द्यायचा. नवऱ्याच्या नावानं शिव्या देत दिला तर ती खाते. तिला सांग, म्हाताऱ्याला लांबचं भाडं लागलंय.”

“कुठलं भाडं?” ड्रायव्हर म्हणाला. रस्त्यावर दोन गाड्या आणि दोन माणसं होती.

गॉटहिल्फ आपल्या गाडीकडे वळला. त्यानं आपलं मागचं दार उघडलं आणि पाटीच्या बाजूला, माणसाकडे बघावं त्यापेक्षा बरंच वर बघितलं. काय दिसलं ते त्याचं त्याला माहीत. ड्रायव्हरनं नंतर एवढंच सांगितलं की म्हाताऱ्याचा चेहरा पांढरा झाला आणि तरी तो हलला नाही, उलट रागावल्यासारखा एक पाऊल पुढे गेला.

“बस,” तो म्हणाला. “रिकामी आहे. बस म्हणतो ना.”

डावीकडून उजवीकडे. वळून परत. बंपर रस्त्याला टेकला.

व्हॅन गावाकडे गेली. ती नजरेआड होईपर्यंत गॉटहिल्फ थांबला, मग त्यानं गाडीचं तोंड उलटं केलं आणि हद्दीची पाटी ओलांडली. आता सक्ती नव्हती. आता तो आपल्या मर्जीनं हाकत होता. टाकी भरलेली होती, आणि ती संपली तरी या देशात पंप पाचशे पावलांवर असतात.

पट्टी पिवळी, पट्ट्यापट्ट्याची, लाल. मागच्या काचा पांढऱ्या झाल्या. मग त्याला मानेवर गार लागलं. भाडं पुढे झुकलं होतं, पत्ता सांगायला झुकतात तसं, पुढच्या सीटच्या पाठीवर भार देऊन. त्याच्या उजव्या कानाशी, बहिऱ्या कानाशी, काहीतरी उघडलं.

“मागे टेकून बस,” गॉटहिल्फ श्नाइट म्हणाला. “कुठं जायचं ते मी ठरवणार.”